मेंदूच्या स्कॅनमधली घनफळं: आकडा वापरण्याआधी सेगमेंटेशन कसं तपासायचं

एक्सेलच्या चौकटीत आकडा दिसतो: डावा हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी जोडलेला मेंदूचा भाग), ३,४१२ घन मिलिमीटर. प्रौढ माणसाला साजेसा आकडा आहे, म्हणून आपण पुढच्या ओळीकडे वळतो. स्कॅनमध्ये मेंदूचा प्रत्येक भाग सॉफ्टवेअर रेषेने वेगळा आखतं, यालाच सेगमेंटेशन म्हणतात. पण हा आकडा ज्या सीमारेषेच्या आतला आहे ती रेषा खरोखर हिप्पोकॅम्पसच्या कडेनेच गेली होती का, हे चौकट सांगत नाही. कदाचित पुढचं टोक शेजारच्या अमिग्डालाच्या खात्यात गेलं असेल आणि मागे कोरॉइड प्लेक्ससचा (व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीतल्या जाळीचा) तुकडा आत घेतला गेला असेल. तिथे कमी झालेलं इथे भरून निघतं आणि उत्तर पटण्याजोगं येतं.

रेडिऑलॉजी, न्यूरॉलॉजी, मानसोपचार किंवा बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये प्रबंध करणारे बरेच विद्यार्थी पहिल्यांदा घनफळं काढतात तेव्हा त्यांना सॉफ्टवेअर चालवायला शिकवलेलं असतं, रेषा बघायला शिकवलेलं नसतं. ती बघायची कशी, हे इथे क्रमाने सांगतो. उदाहरणासाठी फ्रीसर्फर घेतलं आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या मार्टिनोस सेंटरमध्ये घडलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आपल्याकडेही भरपूर वापरलं जातं. तुम्ही कॅट-१२, फास्टसर्फर किंवा सिंथसेग वापरत असाल तरी बघण्याच्या जागा त्याच राहतात.

आधी चुकीची किंमत पाहू. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण ४.७ टक्के आकसतो आणि त्याच वयाच्या निरोगी माणसांत साधारण १.४ टक्के, असं २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं उत्तर आहे. म्हणजे आजार आणि वय यांतला फरक वर्षाला ३.३ टक्क्यांचा. हिप्पोकॅम्पस ३,५०० घन मिलिमीटरचा धरला आणि व्हॉक्सेल, म्हणजे त्रिमित प्रतिमेचा सर्वात लहान ठोकळा, १ मिलिमीटरचा, तर हा फरक सुमारे ११५ व्हॉक्सेलचा झाला. आता तो लांबट आकार डोळ्यांसमोर आणा. त्यातले निदान एकतृतीयांश, म्हणजे बाराशेच्या आसपास तरी व्हॉक्सेल नुसत्या कडेवर बसलेले असतात. त्यातला दहावा हिस्सा एकाच बाजूला चुकला की ज्या फरकासाठी अभ्यास मांडला तो गेला. म्हणून कडेकडे डोळ्यात तेल घालून बघायचं.

पहिली पायरी: मूळ स्कॅन उघडा

सेगमेंटेशन लावण्याआधी मूळ टी-वन प्रतिमा (एमआरआयचा तो प्रकार, ज्यात पाणी काळं दिसतं) पहिल्या कापापासून शेवटच्या कापापर्यंत एकदा सरकवून बघा. दोनतीन मिनिटांचं काम आहे आणि नंतरचे कित्येक तास वाचवतं.

सगळ्यात आधी हालचाल. डोकं हललं असेल तर कपाळाजवळ आणि कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या, घड्यांवर तळ्यातल्या वलयांसारख्या समांतर रेषा दिसतात, करड्या-पांढऱ्या भागांमधली (ग्रे मॅटर आणि व्हाइट मॅटर) कड पुसट होते. याचा परिणाम नुसत्या धूसरपणावर थांबत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वयंसेवकांना स्कॅनरमध्ये मुद्दाम डोकं हलवायला सांगितलं होतं. त्यांच्या ग्रे मॅटरचं घनफळ आणि कॉर्टेक्सची जाडी, दोन्ही कमी मोजली गेली. मेंदू तोच, माणूस तोच, फक्त हललेला. ज्या रुग्णांना स्वस्थ पडून राहणं कठीण जातं, म्हणजे डिमेन्शिया, पार्किन्सन, लहान मुलं, त्यांच्यात हालचालीची चूक आजाराचंच सोंग घेऊन येते. माझ्या मते या साऱ्या तपासणीतली सगळ्यात धोक्याची गोष्ट हीच.

मग कापांची जाडी. रुग्णालयाच्या जुन्या नोंदींतून स्कॅन गोळा केले असतील तर टी-वन मालिका बऱ्याचदा ५ मिलिमीटर जाडीच्या कापांची निघते. फ्रीसर्फरची नेहमीची प्रक्रिया साधारण १ मिलिमीटरच्या त्रिमित प्रतिमेसाठी बांधलेली आहे. जाड कापांवर ती चालवली तरी आकडे बाहेर पडतील, पण हिप्पोकॅम्पसच्या टोकांबद्दल त्या आकड्यांना काहीच माहीत नसेल. अशा स्कॅनसाठी सिंथसेगसारखं कोणत्याही जाडीला आणि प्रकाराला तयार असलेलं साधन घ्या, आणि जाड व पातळ कापांचे स्कॅन एकाच तुलनेत मिसळू नका.

कॉन्ट्रास्ट दिला होता का तेही बघा. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावर रक्तवाहिन्या आणि ड्यूरा (मेंदूभोवतीचं जाड आवरण) टी-वनवर उजळतात आणि सॉफ्टवेअर ड्यूराला कॉर्टेक्स समजून आत ओढतं. फाइलच्या नावावर विसंबू नका. वरच्या मधल्या रेषेतला सॅजिटल सायनस (मोठी रक्तवाहिनी) पांढरा चमकत असेल तर स्कॅन कॉन्ट्रास्टनंतरचा असण्याची शक्यता मोठी आहे.

डावं-उजवं हा विषय कंटाळवाणा वाटतो, पण एकदा उलटं झालं की चित्र पाहून ते ओळखता येत नाही, कारण उलटा मेंदूही मेंदूसारखाच दिसतो. स्कॅनरच्या डायकॉम फाइलींचं विश्लेषणाच्या निफ्टी फाइलींत रूपांतर केल्यावर पहिल्या काही स्कॅनमध्ये खूण पडताळून घ्या. नवा अभ्यास सुरू करत असाल तर उजव्या कानशिलाजवळ ई जीवनसत्त्वाची गोळी चिकटवून स्कॅन काढायची जुनी पद्धत आजही उत्तम आहे. तेलाने भरलेली ती गोळी प्रतिमेत पांढरी दिसते आणि वाद मिटवते.

जाता जाता एक महत्त्वाची गोष्ट. भारतात डोक्याच्या स्कॅनमध्ये न्यूरोसिस्टिसर्कोसिसच्या (मेंदूतल्या पट्टकृमीच्या संसर्गाच्या) जुन्या गाठी किंवा लहान इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) सापडणं दुर्मिळ नाही. असं काही दिसलं तर ते तुमच्या रकान्यात नोंदवून थांबू नका, त्याच दिवशी मार्गदर्शक डॉक्टरांना दाखवा. स्कॅनमागे माणूस आहे.

दुसरी पायरी: प्रक्रिया नीट झाली का

रिकॉन-ऑल या फ्रीसर्फरच्या मुख्य आज्ञेच्या नोंदवहीत शेवटी ‘चूक न होता पूर्ण’ अशा अर्थाची ओळ येते. ती नसेल तर आकडे वापरू नका. असेल तर तिचा अर्थ इतकाच की संगणक मध्येच अडला नाही. कवटीचा निम्मा भाग मेंदूत धरूनही प्रक्रिया पूर्ण होऊ शकते.

सगळे स्कॅन एकाच आवृत्तीवर, एकाच प्रकारच्या संगणकावर चालवले आहेत ना, हेही इथेच तपासा. २०१२ साली एका गटाने तेच स्कॅन फ्रीसर्फरच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालवून पाहिले तेव्हा ५.० आणि तिच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये घनफळांत सरासरी ८.८ टक्के फरक पडला. आपण ज्या ३.३ टक्क्यांच्या मागे आहोत त्याच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा. अर्धे स्कॅन जुन्या लॅपटॉपवर आणि अर्धे नव्या सर्व्हरवर झाले असतील तर सगळे पुन्हा चालवणं हाच मार्ग आहे.

तिसरी पायरी: आकड्यांची पहिली चाळणी

आता तक्ता. प्रत्येक भागाचा आलेख काढा आणि टोकाला पडलेले स्कॅन वेगळे करा. सरासरी आणि प्रमाण विचलनापेक्षा मध्यक धरून मोजलेलं अंतर बरं, कारण एकच भयंकर चुकलेला स्कॅन सरासरीलाच आपल्याकडे ओढून घेतो. स्कॅनर दोन असतील तर आलेखही दोन काढा.

मला सर्वात उपयोगी पडतात त्या जोड्या. डावा आणि उजवा हिप्पोकॅम्पस थोडे वेगळे असतातच, पण एक ३.६ मिलिलिटर आणि दुसरा २.४ निघाला तर एक तर आजार आहे किंवा चूक, आणि दोन्ही बघण्यासारखं आहे. कवटीच्या आतलं एकूण घनफळ आणि मेंदूचं घनफळ एकमेकांसमोर मांडा. फ्रीसर्फर कवटीचं घनफळ प्रत्यक्ष मोजत नाही. डोकं एका प्रमाण साच्याला जुळवताना किती ताणावं किंवा आवळावं लागलं त्यावरून त्याचा अंदाज काढतं. ती जुळवणी फसली तर हा अंदाज फसतो, आणि तुम्ही सगळी घनफळं त्याने दुरुस्त करणार असाल तर एक चूक प्रत्येक रकान्यात झिरपते. इथे आपल्याला जास्त सावध राहायला हवं. साचा मॉन्ट्रियलच्या डोक्यांपासून बनलेला आहे, आणि हैदराबादच्या आयआयआयटीने शंभर भारतीय मेंदूंवरून तयार केलेल्या नकाशात भारतीय मेंदू सरासरीने आकाराने लहान आढळले. यामुळे जुळवणी चुकतेच असं नाही. पण ती प्रत्येक स्कॅनवर डोळ्यांनी पाहावी, इतकं कारण पुरेसं आहे. बंगळुरूच्या निम्हान्सनेही ६ ते ६० या वयोगटासाठी भारतीय साचे २०२० साली प्रसिद्ध केले आहेत. साचा निवडण्याची मुभा असलेलं साधन वापरत असाल तर ते जरूर पाहा.

फ्रीसर्फरच्या आकडेवारीत पृष्ठभागावरच्या छिद्रांची संख्याही मिळते. सॉफ्टवेअरने पहिल्यांदा काढलेल्या कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावर जितकी भोकं आणि चुकीचे पूल, तितकी ही संख्या मोठी. यावरून निघणारा ऑयलर अंक माणसांनी दिलेल्या दर्जाशी चांगला जुळतो, हे २०१८ साली दाखवलं गेलं. म्हणून स्कॅन या अंकाप्रमाणे लावा आणि सर्वात वाईट टोकापासून बघायला घ्या.

पण शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही. टोकाचा आकडा म्हणजे चूक नव्हे. ऐंशी वर्षांच्या माणसाची व्हेंट्रिकल्स खरोखरच प्रचंड असू शकतात. आणि मधला आकडा म्हणजे बरोबर, असंही नव्हे. सुरुवातीच्या ३,४१२ला आठवा. चाळणीने फक्त क्रम ठरतो.

चौथी पायरी: डोळ्यांनी बघणं

फ्रीसर्फरच्या फ्रीव्ह्यू या दर्शकात मूळ प्रतिमा खाली आणि सेगमेंटेशन वर ठेवा. रंग गच्च भरलेला ठेवू नका, कारण रंगाखाली कड झाकली जाते आणि सगळंच बरोबर वाटू लागतं. नुसती बाह्यरेषा दाखवण्याचा पर्याय निवडा, किंवा रंग तीसचाळीस टक्क्यांवर आणा. मग वरचा थर बंद-चालू, बंद-चालू करत राहा. आधी मूळ प्रतिमेत कड कुठे आहे ते तुम्ही ठरवा, मग सॉफ्टवेअरने कुठे धरली ते बघा. हा क्रम उलटा झाला की डोळा सॉफ्टवेअरशी सहमत होऊ लागतो. प्रकाश आणि कॉन्ट्रास्टची पातळी प्रत्येक स्कॅनला तीच ठेवा.

कवटीपासून सुरुवात करा. मेंदूभोवती ड्यूरा किंवा डोळ्यामागची चरबी राहिली आहे का, आणि त्याउलट फ्रंटल (पुढचं) किंवा टेम्पोरल (कानशिलाजवळचं) टोक कापलं गेलं आहे का? टेम्पोरल टोक छाटलं जाणं जास्त वाईट. ते कडेला आणि खाली असतं म्हणून नजरेतून सुटतं, आणि स्मृतीचा अभ्यास असेल तर नेमका तोच भाग हवा असतो.

व्हेंट्रिकल्स सोपी, कारण पाणी काळंभोर दिसतं. फक्त ती खूप मोठी झाली असतील तर बाहेरची पट्टी कधीकधी व्हाइट मॅटर म्हणून धरली जाते, ती बघा. वयस्कांत व्हेंट्रिकलच्या कडेने टी-वनवर करडे दिसणारे व्हाइट मॅटरचे डाग असतात. सॉफ्टवेअर त्यांना ग्रे मॅटर समजतं आणि ग्रे मॅटरचं घनफळ फुकटचं वाढतं.

हिप्पोकॅम्पसवर वेळ घालवा. हेअरबँड लावतो त्या दिशेने कापलेले, म्हणजे कोरोनल काप घ्या आणि मागून पुढे एकेक काप सरका. मागच्या बाजूला कोरॉइड प्लेक्सस आत आलाय का बघा. मधल्या भागात बाहेरच्या बाजूला व्हेंट्रिकलचं टेम्पोरल शिंग काळ्या चिरेसारखं दिसतं. रेषेने ते ओलांडता कामा नये. खालच्या बाजूला व्हाइट मॅटरची पातळ पट्टी हिप्पोकॅम्पसला पॅराहिप्पोकॅम्पल भागापासून तोडते, तिच्याखाली रेषा घसरली का ते पाहा. पुढे गेल्यावर अमिग्डाला वर बसतो आणि दोघांतली सीमा कोरोनल कापात जवळपास नाहीशी होते. तिथे अडून राहू नका, सॅजिटल, म्हणजे बाजूने दिसणारे, काप उघडा. अमिग्डाला पुढे-वर आणि हिप्पोकॅम्पसचं डोकं मागे-खाली असं बाजूने स्पष्ट दिसतं, मधली व्हाइट मॅटरची बारीक रेघही बहुतेक वेळा सापडते. मग परत कोरोनलवर या. घडलेल्या चुका मला सर्वाधिक याच सीमेवर दिसल्या आहेत.

मेंदूच्या खोल भागातल्या पुटामेनची बाहेरची कड शेजारच्या क्लॉस्ट्रमपर्यंत पसरते का एवढं बघा. पॅलिडम आणि थॅलॅमसची बाहेरची बाजू टी-वनवर मुळातच पुसट असते. तिथे दोन माणसांचंही एकमत कठीण, म्हणून ढोबळ चुकांपुरतंच थांबा.

कॉर्टेक्सचं घनफळ हवं असेल तर आतली आणि बाहेरची अशा दोन्ही पृष्ठरेषा चढवा. बाहेरची रेषा ड्यूरात शिरते ती सहसा वरच्या मधल्या सायनसपाशी आणि टेम्पोरल भागाखाली. डोळ्यांच्या वरचा ऑर्बिटोफ्रंटल भाग आणि कानाजवळचा खालचा टेम्पोरल भाग हवेच्या पोकळ्यांना लागून असल्याने तिथे प्रतिमाच वाकते. ती चूक सेगमेंटेशनची नसते आणि दुरुस्त करून सुधारतही नाही. सेरिबेलम (छोटा मेंदू) आणि त्यावरचं टेंटोरियम (ड्यूराचा पडदा) शेवटी एकदा पाहून घ्या.

सुरुवातीला एका स्कॅनला वीस मिनिटं लागली तर घाबरू नका. पन्नासेक स्कॅननंतर वेळ आपोआप खाली येतो. एका बैठकीत वीस-पंचवीसपेक्षा जास्त मात्र बघू नका.

पाचवी पायरी: दर्जा देण्याचे नियम आधी लिहा

नियम बघायला बसण्याआधी कागदावर हवेत. तीन वर्ग पुरतात: चालेल, शंका, बाद. संपूर्ण स्कॅनला एकच दर्जा देऊ नका, भागवार द्या. पुटामेन बिघडला म्हणून चांगला हिप्पोकॅम्पस फेकण्याचं कारण नाही. प्रत्येक वर्गाची दोन-तीन चित्रं जतन करा आणि ‘बाद’ कशाला म्हणायचं ते मोजता येईल असं लिहा, उदाहरणार्थ ‘सलग तीन कापांत रेषा टेम्पोरल शिंगाच्या पलीकडे’. शेजारी कारणाचा रकाना ठेवा. सहा महिन्यांनी परीक्षक विचारतील तेव्हा ‘खराब वाटला’ हे उत्तर पुरणार नाही.

बघणाऱ्याला रुग्ण कोण आणि निरोगी कोण हे कळता कामा नये. फाइलींची नावं बदला, क्रम फेटून घ्या, आधीचे आकडे झाका. हिप्पोकॅम्पस लहान असायला हवा हे माहीत असलेल्या माणसाला लहान हिप्पोकॅम्पस बरोबर आणि मोठा चुकलेला दिसतो. यात अप्रामाणिकपणा नसतो, डोळाच तसा चालतो, म्हणून त्याला ती माहिती द्यायची नाही. काही स्कॅन दुसऱ्या व्यक्तीनेही स्वतंत्रपणे बघावेत आणि तुम्हीही काही आठवड्यांनी तेच पुन्हा बघावेत. दोन्ही जुळणी कोहेनच्या कॅपाने (योगायोगाची जुळणी वजा करून सहमती मोजणाऱ्या अंकाने) मोजा. जुळणी कमी निघाली तर बहुतेक वेळा नियमाचं वाक्य सैल असतं. वाक्य सुधारा आणि सगळे स्कॅन पुन्हा बघा.

नजर तयार करायला स्वतःचा अभ्यास वापरू नका. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचा ओअ‍ॅसिस हा खुला संग्रह घ्या. पहिल्या ओअ‍ॅसिसमध्ये १८ ते ९६ वयाच्या ४१६ व्यक्ती आहेत, आणि त्यांपैकी २० निरोगी व्यक्तींचा ९० दिवसांच्या आत काढलेला दुसरा स्कॅनही आहे. हे वीस जण सोन्यासारखे आहेत. इतक्या दिवसांत मेंदू फारसा बदलत नाही, त्यामुळे दोन स्कॅनच्या घनफळांतला फरक म्हणजे तुमच्या मोजमापाची स्वतःची डगमग.

सहावी पायरी: दुरुस्ती की वगळणं

फ्रीसर्फरमध्ये दुरुस्तीच्या मुख्य जागा तीन. मेंदूच्या मुखवट्यातून (कवटी काढून उरलेल्या प्रतिमेतून) ड्यूरा पुसणं, व्हाइट मॅटरचा नकाशा भरणं किंवा खोडणं, आणि कंट्रोल पॉइंट ठेवणं. सॉफ्टवेअर व्हाइट मॅटरची तीव्रता ११०वर आणायचा प्रयत्न करतं. जिथे निःसंशय व्हाइट मॅटर आहे पण तीव्रता त्याखाली राहिली आहे, तिथेच हे बिंदू ठेवायचे. कडेवरच्या व्हॉक्सेलवर ठेवलात तर कॉर्टेक्स विनाकारण पातळ होतो. बदलानंतर प्रक्रिया त्या टप्प्यापासून पुन्हा चालवा आणि पुन्हा बघा. हिप्पोकॅम्पसची रेषा हाताने बदलली असेल तर आकडेवारी नव्याने काढायला विसरू नका, जुनी फाइल तशीच पडून राहते.

कोणत्या चुकीला दुरुस्ती आणि कोणत्या चुकीला वगळणं, हा नियमही गट न पाहता लागला पाहिजे. हालचालीने धूसर झालेला स्कॅन हाताने दुरुस्त करू नका. तिथे कड दिसतच नाही, तुम्ही ती कल्पनेने काढाल. आणि वगळलेल्यांची मोजणी गटवार करा. जास्त आजारी माणसं जास्त हलली आणि गळली, तर उरलेला रुग्णगट सौम्य आजाराचा झाला. हे टाळता येत नसेल तर निदान दिसलं पाहिजे.

सातवी पायरी: हाताने काढलेल्या रेषेशी तुलना

शक्य असेल तर दहा-पंधरा स्कॅनमध्ये हिप्पोकॅम्पस आयटीके-स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये हाताने रेखाटा, ठरलेल्या पद्धतीने. २०१५ साली प्रसिद्ध झालेली हार्प ही एकमताने ठरलेली पद्धत यासाठीच आहे. मग डाइस गुणांक (दोन आकार एकमेकांवर किती बसतात ते ० ते १ मध्ये सांगणारा) आणि घनफळातला टक्केवारी फरक, दोन्ही काढा. फक्त घनफळ पुरत नाही. तुमची रेषा ३,५०० व्हॉक्सेलची, सॉफ्टवेअरचीही ३,५००ची आणि सामाईक ३,०००. घनफळातला फरक शून्य, पण डाइस ६,००० भागिले ७,००० म्हणजे ०.८६. पाचशे व्हॉक्सेल चुकीच्या जागचे आहेत. उलट फक्त डाइसही पुरत नाही, कारण सॉफ्टवेअर दर वेळी एकाच बाजूला थोडं जास्त घेत असेल तर डाइस चांगला दिसतो आणि घनफळ सतत फुगलेलं राहतं. ब्लँड-आल्टमन आलेखात (दोन मोजमापांची सरासरी आडवी, त्यांतला फरक उभा) हा कल लगेच दिसतो. मोठ्या हिप्पोकॅम्पसमध्ये आणि आकसलेल्यात चूक वेगवेगळी आहे का, हेही त्यातच बघा.

एकाच माणसाचे दोन वेळचे स्कॅन असतील तर ते एकमेकांवर ठेवून आलटून पालटून बघा, आणि फ्रीसर्फरची दीर्घकालीन प्रक्रिया वापरा. ती त्या माणसाचाच मधला साचा बनवते आणि दोन्ही वेळांना सारखं वागवते. मधल्या काळात स्कॅनर किंवा त्याचं सॉफ्टवेअर बदललं का, हे स्कॅन काढणाऱ्या तंत्रज्ञांना विचारा. ही माहिती त्यांच्याकडेच असते.

प्रबंधाच्या पद्धती विभागात इतकं लिहा: सॉफ्टवेअर आणि आवृत्ती, किती स्कॅन बघितले, कोणी बघितले, गट माहीत होता का, दर्जाचे नियम, कॅपा, किती दुरुस्त केले, प्रत्येक गटातून किती वगळले आणि कशासाठी. मुख्य निष्कर्ष ‘शंका’ वर्ग धरून आणि सोडून, असे दोन्ही वेळा काढा आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात छापा.